वाघ जिने चढत नाही

२ मार्च
कादंबरीला आजपासून सुरुवात. किशोरवयीन मुलांसाठी. शाळेत पाऊल टाकलं की प्रत्येक मुलाच्या डोळ्यांवर जादूचा चष्मा चढवतात आणि स्वभावाप्रमाणे गट ठरतो. वाघ धाडसी, घुबडं हुशार, मुंग्या कष्टाळू, कासवं भित्री. एकदा ठरला की ठरला. चिमणीला असली पुस्तकं भारी आवडतात. चौदाची झाली तरी जेवताना ताटाशेजारी पुस्तक लागतं. नायिका तीच, म्हणजे वाघ. बापावर गेलीय.

ही चिमणीला घेऊन बहिणीकडे राहायला गेली आहे. हवापालट. गेल्या उन्हाळ्यापासून.

५ मार्च
चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं काम. त्यामुळे माणूस ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही. गिऱ्हाइकांचे गट पाडले. मालक मुंगी. त्यांना तसं सांगितलं तर म्हणाले, आधी त्या बाईंच्या काचा बदला, डावी उजवीकडे बसवलीत. कलावंताला हे सोसावंच लागतं.

८ मार्च, रविवार
चिमणीला भेटायचा वार. मेहुणीचं घर तिसऱ्या मजल्यावर. नेहमीप्रमाणे खालूनच हॉर्न वाजवला. वर जात नाही, कारण गुडघा. शिवाय स्कूटर लावायला जागा नसते. शिवाय वाघ जिने चढत नाही, डरकाळी फोडतो.

पहिली दोन प्रकरणं तिला दिली. तिच्याकडून बातमी: हिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, महिनाअखेरीला जाणार. चिमणीने कुठे राहायचं ते चिमणीनेच ठरवायचं. मग प्रश्नच मिटला! वाघ वाघाकडेच राहणार.

तिच्या खोलीला रंग काढायचा संकल्प. पिवळा.

११ मार्च
रंग आणला. ब्रश विसरलो.

आईचा फोन. तिला गट समजावून सांगितले. म्हणाली, तू लहानपणापासून ससा. दारात पाहुणे आले की पलंगाखाली. कादंबरीत ससे नाहीत, म्हटलं. आईला वाङ्मयातलं काही कळत नाही.

१५ मार्च, रविवार
हॉर्न. चिमणीने प्रकरणं वाचली. छान आहेत, म्हणाली. मग म्हणाली, पण कासवं भित्री कशी रे बाबा? मी म्हटलं, तुझ्या आईकडे बघ. जरा आवाज चढवला की मान आत. ती म्हणाली, मग मीपण कासव, माझा गट बदल. नियमात बसत नाही, म्हटलं. म्हणाली, तुझ्या शाळेत मुलांना कुणी विचारतच नाही.

निघताना तिने विचारलं, पुढच्या रविवारी वर येशील? मी कुठे राहणार ते तुम्हा दोघांसमोर सांगायचंय. नक्की, म्हटलं. वाघाचा शब्द.

१९ मार्च
ब्रश आणला. एक भिंत झाली. फारच पिवळी झाली. दुसरा हात दिला की बसेल.

२२ मार्च, रविवार
इस्त्रीचा शर्ट घातला. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलो. वरून हिच्या हसण्याचा आवाज आला. आमच्या घरात ही अशी कधी हसली होती ते आठवत उभा राहिलो. आठवेना. गुडघ्यात कळ आली. खाली येऊन हॉर्न वाजवला.

चिमणी आली. डोळे लाल. म्हणाली, मी दाराशीच उभी होते बाबा. तुझी पावलं ऐकली. वर येतानाची, मग खाली जातानाची. गुडघा, म्हटलं. म्हणाली, एकदा वर येऊन, राहा माझ्याकडे, एवढं म्हणाला असतास तरी मी राहिले असते. तेव्हाही मला तसं म्हणता आलं असतं. मी प्रकरण तिसरं पुढे केलं. तिने घेतलं नाही. आईबरोबर जातेय, म्हणाली. रविवारी सकाळची गाडी आहे.

२४ मार्च
बदलेल मन. लहान आहे.

२७ मार्च
मालकांनी विचारलं, डोळ्यांना काही झालंय का? रंगाचा वास, म्हटलं.

२९ मार्च, रविवार
दुपारी गेलो. तिन्ही मजले चढलो, कुठे न थांबता. गुडघा अजिबात दुखला नाही. मेहुणीने दार उघडलं. म्हणाली, अहो भाऊजी, दोघी सकाळीच गेल्या, चिमणीने सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं, म्हटलं. तिने पाणी दिलं. प्यायलो.

घर खायला उठतंय. पिवळ्या भिंतीसमोर बसवत नाही.

आईला फोन केला. कादंबरीत ससे घेतोय, म्हटलं.