पोत्यात झाकलेला घड

आदरणीय अक्का,
पूर्णेहून तुझ्या धाकट्या भावाचा, सिद्धोधनचा, सविनय जयभीम.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत (केळ सोडून, पण तिच्याकडे येतोच). भाऊजींचा गुडघा पुण्याच्या हवेत काय म्हणतो? बाळंतीण सुकेशनीची तब्येत कशी आहे? नात रात्रभर रडून सगळ्यांना जागवते असं तू म्हणालीस. तिने अजून काही केलेलं नाही, तिला उगीच रागावू नका. रडायची पाळी खरं तर माझी आहे. तू म्हणशील, रोज फोनवर बोलणाऱ्याला पत्राचं कुठून सुचलं? अक्का, फोनवर तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून 'हो' शिवाय काही निघत नाही. कागद बरा, मधेच प्रश्न विचारत नाही.

घराची किल्ली देताना तू मला दोनच गोष्टी सांगितल्या होत्यास: मोरीजवळच्या केळीला पाणी घालत जा, आणि बाकी कशाला हात लावू नकोस. पहिली मी चोख पाळली. चौदा एप्रिलची मिरवणूक झाली आणि त्याच आठवड्यात केळीतून केळफुलाचं कमळ बाहेर पडलं. मी कळवल्याबरोबर तू विहाराच्या महिला मंडळाला सांगून टाकलंस, की ह्या केळीचा पहिला घड आषाढी पौर्णिमेला, वर्षावास सुरू होतो त्या दिवशी, भन्तेंना दान. तू असं चारचौघांत सहसा बोलत नाहीस. बोललीस ती माझ्या भरवशावर. म्हणून तर आज मान वर करवत नाही.

तुला ठाऊक आहे, सगळी नोकरी मी नववी-दहावीला विज्ञान शिकवलं, आणि त्यात पुष्पबंधाचा धडा माझा विशेष लाडका. फळ्यावर खडूने उभा दांडा काढायचा. खाली उमललेली फुलं, वर कळ्या, शेंड्याला बारीक ठिपके. शेंडा वाढत राहतो, फुलं येत राहतात, म्हणून हा अकुंठित पुष्पबंध. शेंड्यावरच फूल येऊन वाढ थांबली, की तो कुंठित. 'अकुंठितात खालचं जुनं, वरचं नवं' हे मी पोरांकडून एवढ्या वेळा म्हणून घेतलंय, की आजही स्टेशनवर जुने विद्यार्थी भेटले तर नमस्काराआधी तेच म्हणून दाखवतात. (तेव्हा मला फार बरं वाटायचं. आता मी गर्दीत शिरतो.)

तर केळीवर वरच्या अंगाला दोन फण्या उघडल्या होत्या आणि खाली ते भलंमोठं तांबडं कमळ लोंबत होतं. मी चष्मा पुसून विचार केला: खालचं जुनं, वरचं नवं. म्हणजे कमळ जुनं, त्याचं काम संपलं, आता ते फुकट रस पितंय. पुढच्या फण्या वर येतील. त्यात मोबाइलवर कुणी एक बाई केळफुलाची भाजी करताना पाहिली होती. (हेही लपवत नाही. शास्त्र आणि जीभ दोघांचं एकमत झालं होतं.) शेजारच्या बायका कपडे धूत होत्या, त्यांना पाच मिनिटं व्याख्यान दिलं आणि विळ्याने कमळ उतरवलं. कुणी हसलं नाही. मास्तर बोलतायत म्हटल्यावर कोण हसणार?

सविताने हाताला तेल लावून कमळ सोलायला घेतलं. थोड्या वेळाने तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. परातीत तांबडी पाती पडली होती आणि प्रत्येक पातीखाली करंगळीहून बारीक केळ्यांची ओळ होती, जन्माला यायच्या तयारीतली.

"अवो, ह्यात तर फण्याच हायेत सगळ्या," ती म्हणाली. "घडच कापून आणलाव की तुमी."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. केळीचा दांडा बाहेर आला की वाकून खाली लोंबतो. माझं फळ्यावरचं चित्र तिथे उलटं टांगलेलं होतं. ज्याला मी बूड समजलो तो शेंडा होता, आणि घड तिकडूनच वाढायचा होता. तीस वर्षं अकुंठित शिकवलं आणि हाती विळा आल्यावर एका झटक्यात कुंठित करून ठेवलं. भाजी मी खाल्ली, अक्का. दोनदा वाढून घेतली, कारण टाकून देताना शेजाऱ्यांनी पाहिलं असतं.

इथवर ती चूक होती. पुढचं मात्र निव्वळ लबाडी आहे. तू फोटो मागितलास, मी त्याच दोन फण्या वरून, खालून, सकाळच्या आणि संध्याकाळच्या उजेडात काढून पाठवल्या. तू सहा मोजल्यास आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकल्यास. मग बायका घड पाहायला येणार असं कळलं. मी फण्यांखाली एक उशी बांधली आणि सगळ्यावर पोतं गुंडाळलं. उन्हाचा त्रास नको म्हणून झाकलाय, पौर्णिमेपर्यंत उघडायचा नाही, असं सांगितलं. सगुणाबाईंनी पोत्यावरून हात फिरवला.

"लय भरलाय की वो मास्तर. आख्ख्या विहाराला पुरून उरंल."

मी हो म्हणालो. त्या बाईचा माझ्यावर एवढा विश्वास, की तिला कापूस हाताला लागला तरी केळी वाटली. त्या दिवसापासून मला विहारात पुढच्या रांगेत बसवत नाही. आणि केळीला एकदाच फूल येतं, हे तर तू मला सांगायला नकोच.

सर्वांना जयभीम, नातीला पापा.

तुझा,
सिद्धोधन

ता. क. : केळीच्या बुडाशी एक पील, म्हणजे नवं रोप, फुटलंय, चांगलं जोमदार आहे. सविता म्हणते, ह्याला पाणी ती घालेल. मला फक्त लांबून पाहायची परवानगी आहे.

ता. क. २ : पाकिटाला लावायला डिंक शोधत होतो तेवढ्यात तुझा फोन आला. घड कसा आहे, असं विचारलंस. वर एवढं सगळं लिहून झालेलं, कागद समोर, आणि मी म्हणालो, झकास. म्हणून पत्र टपालात न टाकता शेजारच्या धम्मदीपच्या हाती देतोय. तो आत्ता पुण्याला निघालाय, म्हणजे मला परत घेता येणार नाही.

ता. क. ३ : उशी तुझ्याच घरातली आहे, जावयासाठी ठेवलेली, मोरांच्या नक्षीची. मोरांना चीक लागलाय.

ता. क. ४ : पौर्णिमेला सगळ्या बायांसमोर पोतं मीच सोडणार आहे. लहानपणी जयंतीच्या भाषणात मी अडलो, की तू काही न बोलता स्टेजपाशी येऊन उभी राहायचीस. ह्या वेळी माझं भाषण एका वाक्याचंच आहे, पण ते मला एकट्याने म्हणवणार नाही. आदल्या दिवशी ये. घडासाठी नको येऊस.