पुन्हा एकपासून

आई, आज तुझ्याशी शाळेतलं बोलायचं आहे. शाळेत तुला आई म्हणायची परवानगी नव्हती, इतर मुलांसारखं मीही बाई म्हणायचं, आणि घरात पाऊल टाकलं की आई. ते मला कधीच धड जमलं नाही. तू गेलीस त्याला अठरा वर्षं झाली. तुझ्यामागे मीही दुसरीलाच शिकवायला लागले, फक्त आपल्या खानदेशापासून फार लांब, चंडीगडच्या बाहेर खरड नावाच्या गावात. ह्यांची नोकरी मोहालीत, घर इथे स्वस्त, आणि शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर.

थंडीत दुसरीची पोरं काय शिकतात ते तुला सांगायला हवं, कारण पुस्तकं बदलली तरी धडे तेच आहेत. लोकर कुठून येते, थंडीत काय खातात, घड्याळ, आणि लांबी. पट्टी हातात यायच्या आधी वीत आणि पाऊल. थंडीमुळे वाढवलेली सुट्टी संपून परवा शाळा दहा वाजता भरली, तर अर्धा वर्ग हातमोजे घालूनच बाक मोजायला बसला. कुणाचा बाक सात विती, कुणाचा नऊ. त्यावरून अशी जुंपली की मी हसत बसले. एक जण म्हणाला, "मॅम, ठंड में टेबल छोटा हो जाता है जी." तुझ्या वर्गात असं बोलायची कुणाची टाप होती?

तुझा एक नियम मी इथेही चालवते. मध्ये चुकलं, तर पुन्हा एकपासून. साताचा पाढा म्हणताना मी अडखळले होते तो दिवस तुला आठवतो का, मला माहीत नाही. मी उभी आहे, तू वह्या तपासते आहेस, मान वर न करता म्हणतेस, "पुन्हा." घंटा होते, मुलं दप्तरं उचलून जातात आणि पुढचा आकडा येतच नाही. "पुन्हा एकपासून." किती वेळा ते मी मोजलं नाही. शेवटी पाढा पुरा झाला तेव्हा वर्गात अंधारून आलं होतं. तू "हं" म्हणालीस आणि वर्गाला लावायचं कुलूप हातात घेतलंस. ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये मोठ्या तोऱ्यात सांगते. सगळ्या म्हणतात, "तभी आपका मॅथ इतना पक्का है." मग मी आणखीच फुगते.

काल पावलांचा धडा होता. धुकं इतकं की पन्नास पावलांपुढचं दिसत नव्हतं. शहाण्या बाईने वर्गातच पावलं मोजून घेतली असती, पण मी हट्टाला पेटलेली. पोरांना मैदानावर नेलं. व्हरांड्यापासून निघायचं, टाचेला पायाचं बोट लावत पावलं टाकायची, बास्केटबॉलच्या खांबाला हात लावायचा आणि आकडा सांगायला परत यायचं. "गिनती भूल गए तो वहीं से फिर एक से. बीच में बोलना नहीं, और गिनती पूरी किए बिना लौटना नहीं." मैदानाची मागची भिंत पाडलेली आहे, ट्रॅक्टर आत येईल एवढी वाट मोकळी आहे, आणि पलीकडे नव्या फ्लॅटांचा पाया खणलेला आहे. आई, हे सगळं मला माहीत होतं.

अठ्ठावीस गेले, सत्तावीस आले. राहिली ती वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी, जी हजेरीलाही नुसता हात वर करते. आधी वाटलं बाथरूमला गेली असेल. बाथरूम रिकामं. मग मी हाका मारायला लागले. गेटवरचे भैया धावले, वर्ग सांभाळणारी दीदी धावली, तिघांच्या हाका धुक्यात जात होत्या आणि उत्तर म्हणून काही येत नव्हतं. खांबापाशी कुणी नाही. भिंतीच्या त्या मोकळ्या जागेतून मी पलीकडे गेले. खड्ड्यात पाणी साठलेलं होतं. मी आधी पाण्याकडे बघितलं, आई.

ती खड्ड्याच्या कडेने चालत होती. खाली मान घालून, टाचेला बोट लावत, ओठ हलवत. खांब कधीच चुकला होता. माझ्या सगळ्या हाका तिने ऐकल्या होत्या, पण उत्तर दिलं असतं तर आकडा विसरला असता. मी दंड धरून तिला मागे ओढलं तेव्हा ती रडायलाच लागली. "मॅम, फिर भूल गई. फिर एक से करूँ?"

तिला छातीशी धरायचं सोडून मी ओरडले. "आवाज़ क्यों नहीं दी?" आणि प्रिन्सिपल मॅडमनी विचारलं तेव्हा म्हणाले, "बिना बताए आगे निकल गई जी." वाक्य आपसूक तोंडातून बाहेर पडलं, आधी जुळवून ठेवल्यासारखं. मॅडमनी तिच्या डायरीत लिहायला सांगितलं की मुलगी शिस्त पाळत नाही. मी लिहिलं. सुट्टीला तिची मम्मी स्कूटीवर आली, डायरी वाचून तिथेच तिच्यावर बरसली, "मॅम की गल क्यों नहीं सुनदी तू?" तिच्याएवढं माझं त्या वर्गात कुणीच ऐकलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. मी दुसऱ्या मुलाच्या जॅकेटची चेन लावत बसले.

काल संध्याकाळभर मला अन्न गेलं नाही. आज रविवार. सकाळी चहा झाल्यावर मी फोन केला. तिनेच उचलला. माझा आवाज ओळखून कुजबुजली, "मॅम, मैंने किसी को नहीं बताया." म्हटलं, बेटा, मम्मी को दो. मग मी सगळं सांगितलं, नियम माझा, धुक्यात नेलं मी, डायरीत लिहिलं ते खोटं. तिची मम्मी म्हणाली, "मॅम, मैंने घर आके उसे थप्पड़ मारा था." आणि फोन ठेवला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

उद्या मॅडमना सांगायचं आहे. नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. ते मुलीसमोर, वर्गासमोर सांगावं लागेल हे मला कळतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटते, कारण मोठं माणूस लहान मुलाची माफी कशी मागतं ते मी घरात कधी पाहिलं नाही. तुला दोष देत नाही. नाही, देते आहे.

हे पत्र जाणार कुठेच नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. त्या साताच्या पाढ्याच्या दिवशी घरी पोचल्यावर बाबांनी विचारलं होतं, एवढा उशीर का झाला म्हणून. मी म्हणाले, मीच खेळत राहिले, आई माझ्यासाठी थांबली. बाबा मला खूप बोलले. तू चुलीपाशी भाकरी थापत होतीस. मला आजवर वाटायचं की मी तुला सांभाळून घेतलं, आणि त्याचं मला कौतुकही होतं. खरं सांगू? बाबा बोलत होते तेवढा सगळा वेळ मी तुझ्या पाठीकडे बघत होते. तू वळून काहीतरी बोलशील म्हणून थांबले होते.