टोपीतली वीज

४ मार्च

जाऊन आलो! सूनबाईनं दहादा विचारलं, "बाबा, नक्की जायचंय ना? डोक्याला तारा लावणार आहेत." म्हटलं, या डोक्यात आता जळण्यासारखं उरलंय काय?

कॉलेजची प्रयोगशाळा. भिंतीला दोन खुंट्या, त्यांवर दोन टोप्या — हेल्मेटची चुलत भावंडं. संशोधन करणारी पोरगी नातीच्या वयाची, पण बोलण्यात हेडमास्तर. "आजोबा, टोपीतून अगदी सौम्य वीज जाते. बऱ्याच जणांना कुणीतरी जवळ आल्यासारखं वाटतं. काहींना तर देव भेटतो."

विचारलं, देवाला सवड नसेल तर आमची ही चालेल का? हसली. तिला काय ठाऊक, मी थट्टा करत नव्हतो.

इथे खरं लिहितो. हिला जाऊन दोन वर्षं होत आली आणि हिचा आवाज माझ्या कानातून निघून गेलाय. चेहरा आहे, चालणं आहे, रागावल्यावर एकच भुवई चढवणं आहे — आवाज नाही. तिसरीतल्या कविता चालीसकट पाठ! गुरुजींचं मधलं खाकरणंसुद्धा पाठ! आणि जन्मभर जिनं मला बोल लावले, तिचा एक शब्द आठवेना. हे कुणाला सांगणार?

५ मार्च

काल पुढे लिहवेना. आज लिहितो.

अंधारी खोली. न्हाव्याकडे असते तशी खुर्ची. टोपी चढली. बराच वेळ काही नाही. पाठ खाजली, तेवढंच. मग वेळ घालवायला मनात शाळेतली नदीची कविता सुरू केली. दुसऱ्या कडव्याशी अडखळलो, आणि उजव्या कानाशी, अगदी स्पष्ट —

"चुकलात. आधी तो चष्मा पुसा."

हीच! तोच घोगरा, कायम सर्दी झाल्यासारखा, हसू दाबलेला आवाज! मी चष्म्याकडे हात नेला तो टोपीवर आपटला. पोरगी धावत आली. "आजोबा, काय झालं?" म्हटलं, बोलणी बसली!

११ मार्च

पोरगी घरी आली. चेहरा पडलेला. प्रयोग संपल्यावर खरं सांगावं लागतं म्हणे. एका टोपीत वीज असते, दुसरीत नसतेच. "तुमची बिनविजेची होती, आजोबा. काहीतरी होणार असं मी आधी सांगितलं, तुम्ही वाट पाहिलीत, म्हणून झालं."

चिरंजीव लगेच, "तरी मी सांगत होतो!" जन्मला तोही बहुधा हेच म्हणत.

मी ताडकन उठलो. म्हणजे तार नाही, बटण नाही — आणि तरी ही आली? आपल्या पायांनी?

पोरीनं कपाळाला हात लावला. "आजोबा, याचा अर्थ नेमका उलटा आहे!"

तुझ्याकडून उलटा, बाळ. माझ्याकडून सुलटा.

ती गेल्यावर सूनबाई कपबशा उचलता उचलता हळूच म्हणाली, "म्हणजे आईंचा आवाज कुठे गेलाच नव्हता, बाबा. तुमच्यापाशीच होता." मी तर कुणाकडे बोललो नव्हतो! या मुलीपासून काही लपत नाही.

१२ मार्च

टोपी लागत नाही, तर घरीच बसून पाहू. सकाळी स्वयंपाकघरात खुर्ची टाकली. डोळे मिटले. नदीची कविता. दुसऱ्या कडव्याशी मुद्दाम चुकलो.

"पाय वर घ्या, फरशी पुसतेय."

सूनबाई.

१४ मार्च

आली! ध्यानीमनी नसताना! चहात साखर घालत होतो.

"पुरे."

तेवढंच. पण काय तो "पुरे"! गुरुजींनी एवढ्या कविता शिकवल्या, एकीतही असा शब्द नाही.

१९ मार्च

हल्ली रोजच. पूर्वीसारखीच टोकते. एक कडवं सुखानं म्हणू देईल तर शपथ! मात्र माझे लोकरी मोजे कुठे ठेवलेस विचारलं, की गप्प. म्हणजे जे मला ठाऊक नाही, ते हिलाही ठाऊक नाही. याचा अर्थ मला कळतो — इतका काही दुधखुळा नाही मी. पण त्यावर फार डोकं चालवायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

२३ मार्च

पोरीचा फोन. रडवेली. त्या दिवशी टोप्या पुसल्यावर तिनं एकीच्या खुंटीवर दुसरी टांगली होती. आज तारा तपासताना कळलं. माझ्या डोक्यावर विजेचीच होती. "म्हणजे तो आवाज... विजेनं आला असेल, आजोबा. तुम्हाला उगाच भलतंच सांगितलं मी."

मी स्वयंपाकघरात उभा. इथे कुठली तार?

"पोरीला घाबरवू नका," ही म्हणाली. "बरं म्हणा आणि ठेवा फोन."

बरं म्हटलं. ठेवला.