दुसऱ्या आवृत्तीआधी

मुलुंड, १८ ऑगस्ट

मधुवंतीताई,

नमस्कार. तुम्ही बऱ्या असाल. आम्ही पण बऱ्या. आई आणि मी सध्या मावशीकडे आलोय. तुम्ही फोन केलात तो मी कट केला, राग नाही ओ. फोनवर मला बोलायला जमत नाही. शाळेत हजेरीला पण तोंडातून आवाज निघायचा नाही, शेवटी नववीत शाळाच सुटली.

आईचा हात प्लास्टरमध्ये आहे. मोरीत घसरली. म्हणून तिचे जेवणाचे डबे बंद.

तुमचा मेसेज वाचला. पुस्तक परत छापणार, आईचं पान काढू का विचारलंत. आणि खाली लिहिलंत, इतकी वर्षं बायकांचं ऐकून लिहिलं, रेशनसाठी मोर्चे काढले, आता वाटतं कोणाचं भलं केलं, थांबावं. वाचून कसंतरी झालं. तुम्हीच थकलात तर आम्ही कोणाकडे बघायचं यार? सॉरी, यार निघून गेलं.

तुम्ही आईचं नाव शांता केलंत, आमच्या मरोळचं नाव काढलंत. पण "मार खाल्ला की दुसऱ्या दिवशी माझ्या आमटीत मीठ जास्त पडतं" हे आईचं बोलणं तसंच ठेवलंत ना. बाबांच्या कारखान्यात सगळे आईचाच डबा खातात. शेजारच्या ऋतिकाला कॉलेजात तुमचं पुस्तक अभ्यासाला आहे. तिने घरी वाचून दाखवलं, तिचा बाप पण तिथेच कामाला, त्याने कारखान्यात सांगितलं. झालं. जेवायला बसले की बाबांना, "काय गुणाजी, आज आमटी खारट! काल काय पराक्रम केलास?" शेवटच्या डब्याला तर मीठ बरोबर होतं, तरी बोलले, आणि बाबा तापूनच घरी आले.

ताई, आई मोरीत घसरली नाही.

मी आधी लिहिलेलं की पान काढाच. आईला वाचून दाखवलं. ती एका हाताने तांदूळ निवडत होती.

"पान कित्याक काढूचा? खोटा लिहिल्यानी काय?"

"आई, सगळ्यांना कळलं ना."

"कळला तर कळला. ही शांता कोण? ताईंका सांग, माझा नाव घाला."

मावशी ओरडली, "मालन, डोक्यावर पडलंस काय? परत घराक जाऊचा नाय तुका?"

आईने तांदळातला एक खडा बाजूला टाकला. मग बोलली, "नाय."

मावशीने गॅस बंद केला.

तर पान ठेवा. शांता खोडा. बाबांचं नाव, आडनाव काही नको, नुसतं मालन. पुढे काय ते मला माहीत नाही, आईला पण नाही. झोप नाही नीट कोणाला.

तुम्ही पण दमलाय, कळतं. मनोरीला समुद्रावर जाऊन पडून राहा हवं तर. पण त्याच्याआधी एकदा आमच्याबरोबर पोलीस चौकीत चला. आई म्हणते, मारलं ते सांगायला तिला जमणार नाही, पोरीने सांगावं. तुम्ही माझ्यासाठी बोलू नका. नुसत्या बाजूला बसा.

मी बोलेन.

तुमची
दिशा