राहुकाळात आलेलं पार्सल

कल्लिडैकुरिची,
बुधवार, २९ ऑक्टोबर

चि. सौ. कांतिमतीस अप्पांचे आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक आहोत. पाऊस दिवसाआड येतो, त्यामुळे अप्पळम-पापड वाळत नाहीत आणि अर्धा माल माडीवर पंख्याखाली पसरून ठेवला आहे. दिवाळीला तू आली नाहीस. तुझ्या आईने तुझी साडी देवापुढे ठेवली होती, ती अजून तिथेच आहे. तुझं कोर्ट, तुझी कामं, मी काही म्हणत नाही.

मदुरैत तू वकिली करतेस म्हणून हे पत्र लिहितो आहे. एरवी त्रास दिला नसता.

तुझ्या आईला हल्ली थोडं कमी ऐकू येतं. वयाने होतं, काळजीचं कारण नाही. तिच्यासाठी मी फोनवरून कानाचं यंत्र मागवलं, पैसेही आधी भरले. गेल्या शुक्रवारी अकराच्या सुमाराला पार्सलवाला दारात आला. शुक्रवारी अकरा म्हणजे भर राहुकाळ. तो म्हणाला, "अय्या, डबा माझ्यासमोर उघडा, माल बघून घ्या आणि मगच फोनवर आलेला नंबर मला सांगा." ते ऐकून तुझी आई आतल्या खोलीतून ओरडली, "अहो, बारापर्यंत त्या डब्याला हात लावायचा नाही. नवी वस्तू कोणी राहुकाळात उघडतं का?"

मी त्याला म्हटलं, बाबा रे, बारापर्यंत ओट्यावर बस, ताक पी. तर म्हणतो कसा, "मी इथे ताक पीत बसलो तर बाकीच्या घरी माल कोण देणार, तुमचा राहू?" त्याचंही खरं होतं. मी नंबर सांगून टाकला आणि तो गेला. बारा वाजून गेल्यावर आम्ही डब्याला कुंकू लावून तो उघडला. आत दाढी कोरायचा ट्रिमर होता. तुझ्या आईने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "इतक्या वर्षांत माझ्या दाढीची काळजी कोणी केली नव्हती."

तिला हसू येतंय, माझं डोकं फिरलंय. कंपनी म्हणते, तुम्ही माल तपासून नंबर दिलात, आता परत घेता येणार नाही. मी लिहिलं की तपासला नाही, राहुकाळ होता. उत्तर आलं, 'तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो.' मी लिहिलं, समजता ना, मग बदलून द्या. पुन्हा तेच उत्तर. मग शेजारच्या शिक्षकांनी सांगितलं की पलीकडे माणूसच नाही, यंत्र बसवलंय. म्हणजे मी दोन दिवस यंत्राशी हमरीतुमरीवर आलो होतो.

आपल्या दुकानातून मिऱ्याच्या जागी जिऱ्याचे अप्पळम गेले तर आपण काय करतो? पुडा फोडलेला असला तरी बदलून देतो आणि वर चार जास्त घालतो. गिऱ्हाइकाला कधी विचारलं का, की दुकानातच पुडा फोडून का नाही बघितला म्हणून? राहुकाळ पाळला म्हणून माणसाचा हक्क जातो का, ते कायद्यात बघून कळव.

उत्तर पत्रानेच पाठव, फोन करू नकोस. असल्या गोष्टी फोनवर नीट होत नाहीत. तुझ्या नवऱ्याला विचारल्याचं सांग.

अप्पा


कल्लिडैकुरिची,
शनिवार, ८ नोव्हेंबर

चि. सौ. कांतिमतीस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कायदा वाचून बरं वाटलं. मागवलं एक आणि आलं भलतंच, तर विकणाऱ्याला परत घ्यायला नाही म्हणता येत नाही, नंबर सांगितला म्हणून काही हक्क विकला जात नाही, हे तू चांगलं लिहिलंस. ते वाक्य मी दुकानात दोघांना वाचून दाखवलं.

पण पुढे जे झालं ते तुला आईकडून कळलंच आहे, आता माझ्याकडून ऐक. तू सांगितलंस तशी ग्राहकांच्या मदत क्रमांकावर तक्रार केली. लगेच कंपनीला जाग आली. परवा संध्याकाळी त्यांच्या बाईचा फोन आला. तुझी आई देवळात गेली होती. बाई भराभर बोलत होती, मध्येच कसलीशी धून वाजत होती. मी 'हो, हो' म्हणत गेलो. बाई खूश झाली असावी, कारण फोन ठेवल्या ठेवल्या संदेश आला: 'ग्राहकाने वस्तू ठेवून घेण्यास संमती दिली आहे. तक्रार बंद करण्यात येत आहे.'

लाइन खराब होती. आभाळही भरलेलं होतं.

हे असं कसं झालं म्हणून तू आईला शंभर प्रश्न विचारलेस म्हणे. मलाही पत्रात विचारलं आहेस की जी बाई आतल्या खोलीत बसून दारातल्या पार्सलवाल्याचं बोलणं ऐकते, तिला कानाचं यंत्र कशाला? वकिली कोर्टात कर, बापावर नको. तुझ्या आईला लागेल ते मी आणीन, त्याचा पुरावा तुला देत बसणार नाही.

आणि तू फोनवर रडलीस, तेही तिने सांगितलं. "अप्पा कंपनीशी बोलतात, कंपनीच्या यंत्राशी बोलतात, फक्त माझ्याशी बोलत नाहीत. दोन वर्षं झाली माझ्या लग्नाला. दर रविवारी फोन केला की अप्पा दुकानात, अप्पा अंघोळीला. आणखी किती दिवस राग धरणार आहेत?" तिने शब्द न् शब्द सांगितला. तेवढ्यात समोर गिऱ्हाईक आलं, मी पुडे बांधायला लागलो.

तक्रार पुन्हा उघडता येते का, तेवढं कळव.

अप्पा


कल्लिडैकुरिची,
रविवार, ९ नोव्हेंबर, संध्याकाळ

कांती, बाळ,

कालचं पत्र तुला अजून मिळालंही नसेल. ते मिळालं तर फाडून टाक. तुझ्या आईने तुला दुपारपासून कितीदा तरी फोन लावला, पण तू उचलत नाहीस. का उचलत नाहीस ते मला आता कळलंय, म्हणून हे लिहितो आहे. कंडक्टर माडसामी आपलाच माणूस आहे, पहाटेच्या मदुरै बसने तो हे तुझ्या घरी पोचवेल.

आज तुझा फोन आला तेव्हा आईने तो माझ्या हातात कोंबला. म्हणाली, "आता पुरे झालं, तुमचं तुम्ही बघा." मी कानाला लावला. तुझा आवाज होता, एवढं ओळखलं. पण बाळ, आवाजच होता, शब्द नव्हते. सुपात तांदूळ पाखडल्यावर येतो तसा नुसता आवाज. तू बराच वेळ बोललीस. मग थांबलीस. काहीतरी विचारलं असणार म्हणून मी म्हणालो, "हो, हो." पुन्हा काही विचारलंस. पुन्हा म्हणालो, "हो." मग फोन बंद झाला.

आई शेजारीच उभी होती. तिने कपाळावर हात मारला. माझ्यासमोर येऊन, तोंड माझ्याकडे करून सावकाश सांगितलं, "ती विचारत होती, अप्पा, अजून माझ्यावर रागावलाय का? मी आलेली तुम्हाला नकोय का?"

मी दोन्हीला हो म्हणालो.

तेव्हापासून मला जेवण गेलेलं नाही. आता काय ते सरळ लिहितो. बहिरा मी आहे. तुझ्या आईचे कान शाबूत आहेत, या अख्ख्या गल्लीत तिच्याइतके कोणाचे नसतील. यंत्र माझ्यासाठी मागवलं होतं. अंबासमुद्रमला कानाचं दुकान आहे, पण तिथे गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी झाली असती, म्हणून गुपचूप फोनवरून मागवलं. दुकानात मिऱ्याच्या जागी जिऱ्याचे पुडे हल्ली रोज जातात. गिऱ्हाइकं चांगली आहेत, काही न बोलता बदलून नेतात. पार्सलवाला समोर उभा राहून मोठ्याने बोलला म्हणून कळलं. तुझ्या आईने आतून काय म्हटलं ते ती बाहेर येऊन समोर बोलली तेव्हा कळलं.

तुझ्या लग्नाचा मला राग आला होता, ते खोटं नाही. पण तो पहिल्या वर्षातच गेला. गेल्यावर तुला सांगणार होतो, तोवर फोनवरचं ऐकू येईनासं झालं. रविवारी फोन वाजला की मी उठून जायचो. तुला वाटायचं बाप रागावलाय. मला वाटायचं, वाटू दे. रागावलेला बाप लोकांना चालतो, बहिरा झालेला बाप सांगायची मला लाज वाटत होती. तेवढ्यासाठी राग गेल्यावरही तुला रडवलं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता कंपनीचं. ती तक्रार पुन्हा उघड. मी सोडणार नाही, ग्राहकांच्या जिल्हा आयोगापर्यंत जाईन. त्यांनी चूक केली ती केली, वर माझ्या 'हो'चा फायदा घेतला. फक्त त्यात आईचं नाव घालू नकोस. यंत्र मला, संकरलिंगम पिळ्ळैला, स्वतःला हवं होतं, ऐकू येत नाही म्हणून, असं स्वच्छ लिही. आणि वकीलबाई, एक प्रश्न आहे. न ऐकता दिलेली संमती कायद्यात धरतात का? धरत नसतील तर दोन्ही ठिकाणची रद्द करून घे.

मीच पहाटेच्या बसने आलो असतो. पण तू दार उघडशील, रागाने काहीतरी बोलशील, मला ते कळणार नाही आणि मी पुन्हा हो म्हणेन, अशी भीती वाटली. म्हणून आधी हे वाच. आम्ही दोघं दुपारच्या बसने निघतो आहोत. जावईबापूंना सांग, त्यांच्या मिशीमुळे त्यांचे ओठ दिसत नाहीत, त्यांचं बोलणं समजायला मला वेळ लागेल, त्यांनी राग मानू नये.

तू मात्र उजेडाकडे तोंड करून बस. मनात असेल ते सगळं बोल, घाई करू नकोस. ओरडायचीही गरज नाही.

तुझ्या तोंडाकडे बघत बसणारा,
तुझा अप्पा