न उचललेला हात

रवि., ५ नोव्हेंबर २००६
वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी खेळातील बंदूक हाती धरली. चि. अनिरुद्ध व त्याच्या मित्रांचे हे नवे वेड: एअरसॉफ्ट. मैदान म्हणजे वसईजवळच्या निर्मळ गावची केळीची जुनी वाडी. मालक अँटन, अनिरुद्धचा शाळासोबती. गोळ्या प्लॅस्टिकच्या, वाटाण्याहून लहान. डोळ्यांवर जाड चष्मा सक्तीचा. गोळीची खूण कपड्यावर राहत नाही. ज्यास लागेल त्याने स्वतःच हात वर करून बाहेर पडावे. पंच नाही. नियमांचा कागद मीच शुद्ध करून दिला.
दुसऱ्या मिनिटाला बाद झालो. "काका, आता चहाचं बघा!" सगळे हसले. अनिरुद्धही.

बुध., ८ नोव्हें.
गच्चीवर सराव. दुधाच्या रिकाम्या पिशव्या दोरीला टांगून नेम धरला. बरा जमतो. सौ.: "लोक काय म्हणतील ते राहू द्या, माझे पापड वाळतायत तिथे."

रवि., १२ नोव्हें.
लिहिणे भाग आहे.
शेवटी आमच्या बाजूस उरलो मी व अनिरुद्ध, पलीकडे एकटा अँटन. मी पाण्याच्या टाकीआड ओणवा. पाठीत उजवीकडे काही सणकन टोचले. लागली, याविषयी संशय नाही. त्याच क्षणी अ. केळींमधून ओरडला, "बाबा, टिकलात! तसेच राहा!"
हात वर जावयास हवा होता.
अँटन पुढे आला. "काका, लागली तुम्हाला."
"नाही."
"पाठीत लागली. मी बघितली ना."
अ. उसळला. "माझे बाबा खोटं बोलतील? एक डाव हरतोयस तर एवढं?" बाकीचे म्हणाले, "सोड ना अँटन, रडीचा डाव नको." अँटन माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "घ्या, जिंकलात तुम्ही," आणि घराकडे चालू लागला.
परतताना अ.ने माझ्या खांद्यावर हात ठेवला. असे किती वर्षांनी घडले, आठवत नाही.

सोम., १३ नोव्हें.
स्नानानंतर सौ.ने पाठ पाहिली. "हे लाल काय?"
"डास."
"एवढा डास वसईतच व्हायचा."
चाळीस वर्षे छापखान्यात दुसऱ्यांच्या चुकांवर खुणा केल्या. आणि आता...

गुरु., १६ नोव्हें.
अँटनचा निरोप: वाडी खुशाल वापरा, मी खेळायला येणार नाही. अ. ताटावर म्हणाला, "खोटेपणा उघडा पडला ना, म्हणून तोंड लपवतोय." मी मान खाली घालून भात संपविला.

शनि., १८ नोव्हें.
कोणास न सांगता रिक्षाने निर्मळला गेलो. अँटन केळीचे घड उतरवीत होता. घरून वाक्य नीट बांधून नेले होते, तिथे मोडले.
"अँटन, त्या दिवशी मला..."
"लागली होती. मला माहीत आहे, काका." बायकोला हाक मारून त्याने पाणी मागविले. मग, "मला सांगून काय उपयोग? ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. अनिरुद्धला सांगितलंत?"
मी पेला खाली ठेवून उठलो. निघताना त्याने केळ्यांची फणी हाती ठेवली. नको म्हणणे जमले नाही. "उद्या ये," एवढे मात्र म्हणालो. "बघतो," म्हणाला.
सौ.ने विचारले, केळी कुठली? निर्मळची, म्हणालो. एवढे तरी खरे.

रवि., १९ नोव्हें., सकाळी सात
इस्त्रीचा सदरा घातला आहे. अ. हसला, "बाबा, मुलाखतीला चाललात का?" फोनवर मित्रांस सांगत होता, "आज बाबांपासून सांभाळा." इतका आनंदी तो अलीकडे पाहिला नव्हता.
त्याला अद्याप काहीच सांगितलेले नाही. वाटेत सांगावे? वाटेत सांगितले तर तो गाडी परत वळवील. तिथे सर्वांसमोर त्याला ऐकावे लागले, तर अँटनला जे बोलला ते उलटून त्याच्याच तोंडावर...
खाली हॉर्न दोनदा वाजला. सौ. म्हणते, पुरे ते लिहिणे, मुलगा खोळंबलाय.