परत मागता येणारे खांब

बाबा, शेजारच्या काकांचा खांब आपण प्रार्थनेच्या मांडवातून काढला, त्या सकाळी मी तुमच्याशी एक शब्द बोललो नाही. तुळईखाली टेकू धरून उभा राहिलो. तुम्ही सांगितलं तेव्हा दाबला, सांगितलं तेव्हा सैल सोडला, आणि नजर सगळा वेळ वर छपराच्या कवेलूंकडे ठेवली. तुम्ही लाकडी खुंटी ठोकून बाहेर काढलीत, खांब डोलला, आणि काका धावत येऊन त्याच्या कमरेला मिठी मारल्यासारखे बिलगले. "वाढई, वाईट नोको मानू गड्या," ते म्हणाले. तुम्ही वरूनच हसलात. "वाईट कायचं? तुहाच होय तो. कोपरा संभाळजो, नाई तं मंग चौकट बनवतानी मलेच शिव्या देशीन."

कापसाची ती वर्षं. बोंडं बाहेरून हिरवीगार आणि आतून पोखरलेली. काकांच्या दाराची चौकट उदईनं आतून पोखरून माती केली होती, दार नुसतं भिंतीला टेकवून ठेवत, आणि डुकरं थेट चुलीपर्यंत येत. नवं सागवान घेण्याची सोय नव्हती. चांगलं असं एकच लाकूड त्यांच्या नावाचं होतं आणि ते मांडवात उभं होतं. ते मागायला आले आणि तुम्ही विचार करतो एवढंही म्हणाला नाहीत.

मी आठवीत असताना गावचे सुतार म्हणून तुम्ही तो मांडव बांधलात. जंगल हाकेवर होतं, तरी तिथली काडीही आणायची नाही असा तुमचा हट्ट. घरागणिक शेताच्या धुऱ्यावरचा, बांधावरचा एक साग, तोही परवानगीचा कागद आल्यावर, आणि जमिनीलगत साफ कापलेला, म्हणजे बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतील. सोळा घरं, सोळा खांब. लोक कचरत होते तेव्हा तुम्ही पारावर उभे राहून शब्द दिलात: लाकूड तुमचं, सावली साऱ्यांची, गरज पडली तर आपला खांब परत न्या, बदल्यात दुसरं काही उभं करायला आणा, मी फुकट बसवून देतो. म्हणूनच सगळे सांधे असे केलेत की एक खांब काढला तर छप्पर हलू नये. असला मांडव कुणी बांधतं का? बांधायचा तो टिकण्यासाठी की उसवण्यासाठी? काकांचा खांब काढला त्या दिवशी घरी आल्यावर मी शेवटी हे बोललोच. तुम्ही पटाशीला धार लावत म्हणालात, "जे परत मांगता येत नाही ते दान नाही लेका, ते वसुली होय."

तुमची असली वाक्यं ऐकायला फार बरी वाटत. निस्तरायला मी होतो. काकांनी बदल्यात वाकडा निंब आणला. तो दर उन्हाळ्यात तडकतो आणि मी भेगा भरत बसतो. त्यानंतरच्या दोन हंगामांत आणखी तिघांनी खांब नेले, एकानं बाभूळ आणली, ती भुंग्यांनी पोखरली. तुम्ही होता तोवर दिवाळीआधी प्रत्येक घर आपापल्या खांबाला जवसाचं तेल चोळायला चिंधी घेऊन येई आणि माझा खांब तुझ्यापेक्षा चमकतो म्हणून बायका भांडत. तुम्ही गेल्यावर चिंध्या कमी होत गेल्या. आता तेलाचा डबा आणि मी. बायको म्हणते, "देवाले एवढं तेल लावलं असतं तं आतापर्यंत पावला असता." मी चिंधी पुन्हा तेलात बुडवतो. मला ती प्रार्थनाच वाटते, पण हे तिला कसं सांगू.

यंदा गावातल्या पोरांनी सिमेंटच्या सभागृहाचा ठराव आणला. निधी मंजूर होता, जागा हीच, म्हणजे मांडव उतरवायचा. त्यांचं सगळंच खोटं नव्हतं. कवेलू फोडणारी माकडं मीही हाकलतो, आणि पावसाळ्याआधी कवेलू फेरायला, नीट लावायला माणूस मिळत नाही हेही खरं. पण सभेत त्यांनी पुढे केला तो तुमचा शब्द. "दादा, तुमच्या बाबानंच सांगतलं होतं ना, आपापला खांब परत न्या म्हून? मंग नेऊन राह्यलो सारे एकाच दिवशी. त्यात काय बिघडलं?" लोक हसले. कुणी पलंगाचं बोलू लागलं, कुणी झोपाळ्याचं. ज्या शब्दानं मांडव उभा राहिला त्याच शब्दानं तो उतरणार होता. मग मी उभा राहिलो आणि म्हणालो, बाबांनी शेवटच्या आजारात तो शब्द मागं घेतला होता. मांडवातलं लाकूड कुणी हलवू नये, असं मला सांगून गेले.

तुम्ही असं काही म्हणाला नव्हता. शेवटच्या आजारात तुम्ही पाणी मागत होता आणि वळचणीला गळतं का विचारत होता.

पण मेलेल्या माणसाच्या तोंडचं कुणी खोडत नाही. ठराव पुढं ढकलला गेला. मी घरी येऊन पोटभर जेवलो, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवसापासून काका प्रार्थनेला दिसेनात. चौथ्या दिवशी मी गेलो तर ते पहार घेऊन आपल्याच दाराची चौकट उचकटत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, घामानं निथळलेला. मी पहार धरली. "सोड," ते म्हणाले. "तुह्या बापाच्या मनात नोहतं आन् मी घेऊन आलो. येवढी वर्षं त्या दारातून जाऊन राह्यलो मी. चोराचं घर होय हे." मी म्हणालो, काका, तसं नव्हतं ते. "मंग कसं होतं? तवाच काहून नाही सांगतलं मले? हासत देल्ला त्यानं. म्हंजे हासतानीबी त्याले खुपत होतं?"

"उद्यापर्यंत थांबा," एवढंच म्हणालो आणि पहार घेऊन घरी आलो. वाटेत तुमच्यावर इतका चिडलो की मोठ्यानं बोलत होतो. कशाला दिलात असा शब्द, की तो पाळला तर मांडव जातो आणि मोडला तर माणूस जातो? शहाण्या माणसानं चार खिळे ठोकले असते आणि मुलाला सुखानं जगू दिलं असतं.

काल सायंप्रार्थनेला काकांना मी हाताला धरून नेलं. प्रार्थना संपली, लोक उठायच्या आत मी उभा राहिलो आणि म्हणालो की मी खोटं बोललो. बाबांनी शब्द मागं घेतला नाही. काकांना तो खांब त्यांनी खुशीनं दिला, टेकू मीच धरला होता. ज्याला आपला खांब हवा असेल त्यानं सकाळी यावं, मी काढून देईन. कुणीतरी मागून म्हणालं, "वा रे भगत!" काका बसल्या जागी डोळे पुसत होते की घाम, मी पाहिलं नाही.

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून लिहितो: तुमचं बरोबर होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. आज उजाडताच दोघं बैलगाडी घेऊन आले. उरलेले येतील की नाही, ठाऊक नाही. मी टेकू लावले, वर चढलो, खुंट्या ठोकल्या आणि दोन्ही खांब त्यांच्या गाडीत चढवून दिले.